उलट उत्तर

दगड हा विषय घेऊन पोट भरणाऱ्या माणसाला जन्मभर एकच प्रश्न ऐकावा लागतो. "सोनं सापडलं का?" माझे सासरे विचारत, शेजारी विचारत, हजामत करता करता न्हावी विचारे. एकोणीसशे अठ्ठावनच्या हिवाळ्यात हातोडा, होकायंत्र आणि गोणपाटाच्या पिशव्या घेऊन मी उरवड्याच्या माथ्यावरच्या वाघजाईच्या वाडीत चढून गेलो, तर तिथेही भेटेल त्यानं हेच विचारलं. शेवटी वैतागून मी "हो, सापडलं आणि विकून खाल्लंही" असं सांगायला लागलो होतो. कोंडाजीनं मात्र वेगळंच विचारलं.

"देवीला इचारलंत का?"

"काय?"

"दगुड फोडू का म्हून. डोंगूर तिचा हाय."

मी पुण्याच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकवत होतो आणि जोडीला माझं स्वतःचं संशोधन चाललं होतं. मला दगड वाहायला माणूस हवा होता, उपदेश नको होता. पण वाडीत दुसरं कुणी तयार होईना. डोंगरावरचे दगड निवडून निवडून पुण्याला नेणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून म्हटलं, विचार बाबा. कोंडाजी विचारून आला आणि ओशाळून उभा राहिला.

"न्हाई म्हंती."

"मग?"

"मंग काय न्हाई. उद्याच्याला परत इचारतो. मन बदलतं तिचं कवा कवा."

बदललं खरं, पण तोवर दोन दिवस मी पाटलांच्या ओसरीवर माश्या मारत बसलो होतो. सरकारी परवानगी याहून लवकर मिळते.

वाघजाई म्हणजे वाडीच्या वरच्या अंगाला, खिंडीत, जमिनीतूनच उगवलेला पुरुषभर उंचीचा काळा कातळ. मूर्ती नाही, नाक-डोळे नाहीत, नुसता शेंदूर. कुणाला काही विचारायचं असलं की भिकू गुरव कातळाच्या दोन खांद्यांवर दोन ओली फुलं चिकटवी आणि खड्या आवाजात सवाल घाली. उजवीकडचं फूल आधी पडलं की देवीनं उजवी दिली, म्हणजे होकार. डावीकडचं पडलं की डावी दिली, म्हणजे नकार. ही उजवी-डावी देवीची, बघणाऱ्याची नव्हे. याला कौल म्हणत. म्हैस विकत घ्यायची, पोरीची सोयरीक करायची, कौल लावल्याशिवाय वाडीत पान हलत नसे. आणि देवी बहुतेक वेळा डावी देई, त्यामुळे पान तसंही हलत नसेच. शाळा काढावी का असं विचारलं, डावी. शाळा खालच्या गावाला गेली. गाडीवाट रुंद करावी का, डावी. गाडीवाट अजून पाऊलवाटच होती.

माझ्या खिशात खडकाचा कल मोजायचं उपकरण असे. पहिल्याच दिवशी दर्शन घेताना हात सवयीनं तिकडे गेला. देवी डाव्या अंगाला चांगलीच झुकलेली होती. त्या अंगाला फूल टिकणार कसं? वाडीचा सगळा इतिहास माझ्या डोळ्यांपुढे उलगडला. पण मी बोललो नाही. मी तापट असलो तरी वेडा नव्हे. परक्या गावात जाऊन "तुमची देवी कललेली आहे" असं सांगणाऱ्याला जेवायला कोण वाढणार?

वाडीत ही गोष्ट आणखी एका माणसाला उमगली होती, ती म्हणजे हैबतराव पाटलांना. त्यांना कल मोजायची गरज पडली नव्हती. ते फक्त सवाल उलटा घालत. "आई, मी नवी हीर पाडू नको ना?" देवी डावी देई. म्हणजे नको कसं, पाडच. अशी पाटलांनी विहीर पाडली, बैलजोडी बदलली, थोरल्या लेकीची सोयरीक घोटावड्याच्या चांगल्या घरात केली. वाडीत फक्त पाटलांचीच भरभराट होती आणि लोक म्हणत, पाटलावर आईची मर्जी हाय.

आता कोंडाजी. मूळचा घोटावड्याकडचा, आईबाप लवकर गेल्यामुळे मामाकडे या वाडीत वाढलेला. हाडापेरानं मजबूत, आवाजानं मऊ, आणि स्वभाव असा की पायात काटा मोडला तर काढू का म्हणून कुणाला तरी विचारावं. लग्न झालं होतं, बायको तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. भाताची दोन खाचरं, एक बैल. दुसरा बैल घ्यायला देवीनं अजून होकार दिलेला नव्हता. नांगरटीला तो शेजाऱ्याचा मागून आणी.

कामाला मात्र हा माणूस असा की काय सांगू. आमचं काम कसं चाले ते आधी सांगतो. सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहिलेला तापला रस. तो निवताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून थिजले. ते आज कुठे तोंड करून आहेत हे यंत्रावर मोजलं, की त्या काळी उत्तर कुठे होती आणि आपला देश कुठे होता हे कळतं. पण त्यासाठी दगड फोडण्याआधी, तो जागेवर असतानाच, त्याच्यावर आजच्या उत्तरेचा बाण रंगवून घ्यावा लागतो. बाण नसलेला दगड माझ्या कामाचा नाही, त्याचा पाटा करावा. हे सगळं मी कोंडाजीला थोडक्यात सांगितलं, "या बाणाला जपा. बाणात सगळं आहे. दिशा हरवली की दगड गेला."

दुपारी वरच्या कड्यावरून खाली बघतो तर कोंडाजी डोक्यावर पाटी घेऊन उतरतोय आणि वाडीतली निम्मी माणसं कामं टाकून त्याच्याकडे बघतायत. पाऊलवाट नागमोडी. पहिल्या वळणापर्यंत तो सरळ चालला. दुसऱ्या वळणावर आडवा झाला आणि खेकड्यासारखा उतरू लागला. तिसऱ्या वळणावर पाठमोरा. डोक्यावरच्या दगडाचा बाण त्यानं वरपासून खालपर्यंत उत्तरेवरून ढळू दिला नव्हता.

मी धापा टाकत त्याला गाठलं. "अहो, एकदा बाण काढल्यावर दगड कसाही नेला तरी चालतो!"

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुमच्याच भल्यासाटी करतुया सायेब. तुमीच म्हनलात, दिशा हरवली की दगुड गेला."

मी परोपरीनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. पिरंगुटला गोण्या एस.टी.च्या टपावर चढवताना त्यानं कंडक्टरला विचारलं, "ही गाडी उत्तरंकडं तोंड करूनच जाईल न्हवं?" कंडक्टर म्हणाला, गाडी स्वारगेटला जाईल, तोंड कुठेही असो. कोंडाजीला ते उत्तर फार बेजबाबदार वाटलं.

माझ्या जेवणाची सोय रत्नाबाईकडे होती. ही वाडीचीच लेक. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, भावाच्या घराला लागून पडवी आणि पडवीत तिच्या दोन म्हशी. नाचणीची भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी तिच्या हातची खावी, आणि तोंडून शब्द निघण्याआधी विचार करावा, कारण उलट उत्तर देण्यात तिचा हात धरणारं मावळात कुणी नव्हतं. मी एकदा म्हटलं, आमटी जरा तिखट झाली आहे. ती म्हणाली, "दगुड खानाऱ्याला आमटी कशी वो बाधती?" मी पुढे महिनाभर आमटीबद्दल चकार शब्द काढला नाही.

कोंडाजी ताक मागायला यायचा आणि ताक पिऊन झालं तरी उंबऱ्याशी बसून राहायचा. तो पाठमोरा उतरला त्या दिवशी रत्नाबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "ह्येच्या घरला जी नवरी यील, तिला बी ह्यो आसंच उत्तरंकडं तोंड धरून आननार." आणि पदराआड हसली. कोंडाजी कानापर्यंत लाल झाला. एवढा दांडगा गडी, पण लाजला की तोंड लपवायला जागा शोधे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सगळी हकीकत मला त्यानंच सांगितली, कड्यावर, दगड फोडता फोडता. दोघांनी लहानपणी एकत्र गुरं राखलेली. ती विधवा होऊन परत आली, याची बायको आधीच गेलेली. पाट लावायला, म्हणजे विधवेशी रीतीनं दुसरं लग्न लावायला, जातीत आडकाठी नव्हती. तिच्या भावाचंही म्हणणं एवढंच होतं की देवीनं उजवी दिली की माझी ना नाही. मग कोंडाजी दरसाल भाताची कापणी उरकली की नवं धोतर नेसून, नारळ घेऊन खिंडीत जाई आणि कौल लावी. सात वर्षं झाली, दरसाल डावी.

"औंदाची बी डावीच," तो म्हणाला आणि दगडावर असा घाव घातला की माझ्या बाणाचे दोन तुकडे झाले.

मला राहवलं नाही. मी आडून आडून सुचवलं, "कोंडाजी, सवाल जरा फिरवून घाला की. पाट लावू नको ना, असं विचारा."

त्यानं हातोडा खाली ठेवला आणि दोन्ही कान पकडले. "आईला फसवू? न्हाई सायेब. फसवून आनलेली बायकू आन चोरून आनलेली म्हस, दोनी आटतात."

त्याचं सरळपण बघून मला चीड यायची आणि कौतुकही वाटायचं. सात वर्षं जिला मनात धरली ती पन्नास पावलांवर म्हशीचं दूध काढते आहे आणि हा गडी खिंडीतल्या कातळाच्या होकाराची वाट बघत बसला आहे. शहरात असता तर मी त्याला गाढव म्हटलं असतं. वाडीत मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दगड घेऊन मी परतलो. रेशमी धाग्याला टांगलेल्या इवल्या चुंबकांचं ते यंत्र फार हळवं. शेजारून सायकल गेली तरी त्याचं चित्त विचलित व्हायचं. दोन-अडीच महिने मी लोखंडी किल्ल्याही खिशात न ठेवता त्याच्यापुढे बसून काढले. आणि जे निघालं त्यानं मी हवेत तरंगायला लागलो. एक तर हे दगड थिजले तेव्हा आपला सगळा मुलूख विषुववृत्ताच्याही खाली, दक्षिणेत कुठे तरी होता. आणि दुसरं म्हणजे त्यांच्यातला चुंबक उलटा होता. आजची उत्तर ती त्यांची दक्षिण. जगभर तेव्हा यावर वाद पेटलेला होता. एक पक्ष म्हणे, त्या काळी अख्ख्या पृथ्वीचाच चुंबक उलटा होता. दुसरा म्हणे, पृथ्वी सरळच होती, दगडच निवताना उलटला. आमच्या विभागप्रमुखांचा तिसरा पक्ष होता. देश सरकतात म्हणणारा माणूस आणि भुतं बघणारा माणूस हे त्यांच्या लेखी एकाच वर्गात बसत. त्यांनी माझं टिपण वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जरा हवापालट करून या."

म्हणून शिमग्याच्या सुमारास, आणखी दगड आणायच्या निमित्तानं, मी पुन्हा वाडीत गेलो. माझा आनंद कुणाला तरी सांगायला मी आसुसलो होतो. कोंडाजी वाटेवरच भेटला, डोक्यावर सरपणाची मोळी.

"काय निगालं सायेब आपल्या दगडांत?"

आपल्या दगडांत! मला भरून आलं. म्हटलं, "कोंडाजी, कमाल झाली. पहिली गोष्ट, हा डोंगर इथला नाही. लांब दक्षिणेकडून सरकत सरकत आला आहे."

"चालत?"

"चालतच म्हणा."

त्यानं डोंगराकडे बघितलं. "मंग हितं कशापायी थांबला? अजून आठ कोस चालला असता तर पुन्यात गेला असता."

"ते राहू दे. खरी कमाल पुढेच आहे. तुमच्या डोंगराचे दगड उत्तर उलट दाखवतात!"

कोंडाजीनं मोळी खाली टाकली. "उत्तर उलाट?"

"साफ उलट."

"समदे दगुड?"

"एकूण एक."

"खिंडीतला बी?"

"खिंडीतला काय, पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा तोच दगड आहे. यंत्रावर पुन्हा पुन्हा तपासलंय."

त्याचा चेहरा असा झाला की वाटलं, आता हा रडणार किंवा मला मिठी मारणार. त्यानं दोन्ही केलं नाही. मोळी तिथेच टाकून तो वाडीकडे धावत सुटला. मी त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिलो. भूशास्त्राच्या शोधानं एवढा हेलावून गेलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. विद्यापीठात तर नव्हताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांचा माणूस मला उठवायला आला. खिंडीत सगळी वाडी जमली होती आणि कल्लोळ असा की देवीनंही कान झाकावेत. मध्यभागी कोंडाजी, आंघोळ केलेला, नवं धोतर, नवं पागोटं, हातात नारळ. मला बघून तो आनंदानं ओरडला, "ह्ये बगा, आलं आपलं सायेब! त्येंलाच इचारा. ह्यो दगुड उत्तर उलाट देतो. यंत्रावर तपासलंय!"

आणि मला माझाच कालचा शब्द आठवला.

उत्तर. मी दिशेबद्दल बोललो होतो. त्यानं सवालाचं उत्तर ऐकलं होतं. दगड उत्तर उलट देतो, म्हणजे सात वर्षं मिळालेली डावी ही खरी उजवीच होती. सात वर्षं देवी त्याला हो म्हणत होती आणि लोकांना ते वाचता येत नव्हतं.

पण मग एकट्या कोंडाजीचंच कसं उलटेल? रातोरात सगळ्या वाडीचे कौल उलटले होते. गोजराबाई नावाची एक म्हातारी सुनेचं मनगट धरून उभी होती. ही सून करायला देवीनं दुर्मिळ अशी उजवी दिली होती. "म्हंजी आई तवाच न्हाई म्हनलीवती! तरीच म्हनलं, हिच्या भाकरी आशा कशा!" सून म्हणत होती, "मी जाते मंग माझ्या आईकडं, आजच जाते," आणि तिचा नवरा दोघींच्या मध्ये हात जोडून फिरत होता. भावाभावांची वाटणी देवीनं नाकारलेली, ते भाऊ आता खाचराचे बांध पावलांनी मोजायला निघाले होते. आणि सगळ्यांत वाईट हाल हैबतराव पाटलांचे. उलटे सवाल घालून मिळवलेले त्यांचे सगळे होकार एका रात्रीत नकार झाले होते.

"माजी हीर बुजवू व्हय आता? लेकीला दोन पोरं झाली, तिला माघारी आनू?" पाटील माझ्या अंगावर ओरडले.

भिकू गुरव शेंदरासारखा लाल झाला होता. "माज्या पणज्यापास्नं हितं फुलं लावतोय आमी! आई उलटी न्हाई. उलटे असाल तर तुमी! तुमीच तिच्याम्होरं उलटं हुबं ऱ्हाता!"

"आईच उलटी हाय!" कोंडाजीच्या बाजूचे ओरडले.

बघता बघता वाडीचे दोन तट पडले. देवी उलटी म्हणणारे आणि देवी सरळ, जगच उलटं म्हणणारे. परदेशातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत जो वाद वर्षानुवर्षं चालू होता, तो वाघजाईच्या वाडीत न्याहारीच्या आत उभा राहिला. फरक एवढाच की तिथे मुंडाशी उडत नव्हती.

"दगडमास्तर, बोला!" पाटील गरजले.

मी घसा साफ केला. "अहो, ऐका! उत्तर म्हणजे उत्तर दिशा!"

"त्येच म्हनतुया आमी! देवीचं उत्तर!"

"देवीचं नाही! पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर! मी दिशेबद्दल बोललो! सवालाशी काही संबंध नाही!"

हळूहळू गलका ओसरला. पाटलांनी एवढा मोठा निःश्वास टाकला की मिशा हलल्या. भिकू गुरवाची छाती फुगली. आणि सगळे कोंडाजीकडे बघून हसायला लागले. कुणी म्हणालं, गड्याला डोहाळं लागल्यात. कुणी पागोट्याला हात लावून बघितला.

तो हसणाऱ्यांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. नारळ दोन्ही हातांत छातीशी धरलेला.

"सायेब," तो हळू आवाजात म्हणाला, "मला खरं सांगा. दिशा, का सवालाचं उत्तर?"

देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला खोटं बोलावंसं वाटलं. एका शब्दानं त्याचा संसार उभा राहत होता. पण समोर असा माणूस होता की जो कातळालाही फसवायला तयार नव्हता. त्याला मी कसा फसवू?

"दिशा," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मला माझा राग आला, दगडाचा आला, आणि दोन कामांना एकच शब्द ठेवणाऱ्या मराठी भाषेचाही आला. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी उगाच होकायंत्र पुसत बसलो.

कोंडाजी भिकूकडे वळला. "मंग गुरव, हितवर आलोच हाय तर लाव कौल. परत इचारू."

"येड्या, औंदाचा झालाय की तुजा!"

"म्होरल्या सालचा आत्ताच लाव."

पुन्हा हशा. भिकूनं पण गंमत म्हणून दोन फुलं पाण्यात बुचकळली आणि एक चिकटवलं. दुसरं लावायला हात उचलला, तर तो हात वरच्या वर धरला गेला. रत्नाबाई. म्हशी सोडून तशीच आलेली, पदर खोचलेला, हाताला शेण.

"फूल दे हिकडं."

"आगं, द्येवीचं फूल हाय त्ये!"

"सवाल माझा हाय," ती म्हणाली. "नांदायचं मला. रांधायचं मला. सात वरसं ह्यो तिला इचारतुया. तिला का ह्येच्या घरात ऱ्हायचंय?"

भिकूचा हात आपोआप सैल पडला. ती फूल घेऊन कोंडाजीपुढे उभी राहिली.

"इचार."

"क-काय?"

"तिला इचारतुयास त्येच."

कोंडाजीनं नारळ खाली ठेवला. सवयीनं हात जोडले, डोळे मिटले, मान खाली घातली आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "आई वाघजाई—"

"आई कुनाला म्हनतुयास मेल्या!"

डोंगर हादरला असेल एवढे लोक हसले. मीही हसलो. तिनं त्याचे जोडलेले हात धरून खाली केले, शेणाच्या बोटांनी. "डोळं उघाड. माज्याकडं बग. मी काय दगुड न्हाई."

त्यानं डोळे उघडले. ओठ दोनदा हलले, आवाज तिसऱ्यांदा निघाला. "रत्ना, माज्याशी पाट लावशील का?"

उलट उत्तर जिच्या जिभेवर बसलेलं, ती हातातलं ओलं फूल बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्या परत आले त्याच साली इचारलं असतंस, तर आज आपलं पोरगं ह्या गर्दीत हुबं आसतं."

गोजराबाईनं सुनेचं मनगट सोडलं.

रत्नाबाईनं हात पाठीमागे नेला आणि ते ओलं फूल आपल्या अंबाड्यात, उजव्या अंगाला खोवलं. नवरा गेल्यापासून तिच्या केसांत फूल कुणी पाहिलं नव्हतं. विधवेनं फूल माळायचं नसतं हे तिथल्या प्रत्येक बाईला आणि बाप्याला ठाऊक होतं. म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडावर धरले. तिच्या भावानं पाटलांकडे बघितलं. पाटलांनी गुरवाकडे बघितलं.

भिकू गुरव त्या फुलाकडे टक लावून बघत होता. उभा जन्म फूल कुठल्या अंगाला आहे एवढंच बघण्यात गेलेला माणूस. त्याच्या तोंडून खणखणीत आवाजात निघून गेलं, "उजवी दिली!"

आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यावरही त्यानं ते मागे घेतलं नाही.

"गुरवच म्हनतोय म्हंजी झालं," भाऊ म्हणाला. "माजी ना न्हाई."

कोंडाजी तिथेच मटकन बसला आणि ढसाढसा रडायला लागला. एवढा दांडगा गडी, खांदे गदगदत होते, पागोटं सुटून गळ्यात आलं होतं. रत्नाबाई त्याच्याशेजारी उकिडवी बसली, सगळ्या वाडीदेखत पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"आता रडतुयास त्ये कुनाला इचारून?"